अढीतली बाटली

माझी लेक शिवरंजनी फ्रान्सात, बरगंडी नावाच्या मुलखात वाइन पारखायची नोकरी करते. चाखते आणि थुंकते. पीत नाही. गळ्यात इष्टलिंग असलेल्या घरातली पोर आहे ती, दारू आम्हाला वर्ज्य. हे मी नळदुर्गात इतक्यांदा सांगितलंय, की मला पाहिलं की लोक विषय बदलतात. बदलू देत.

दोन वर्षांपूर्वी परत जाताना तिनं एक बाटली माझ्या हातात दिली. "माझ्या सगळ्यात आवडीची हाय, आप्पा. पुढच्या दिवाळीला आले की उघडू. ठेवली की ती पिकत जाती."

पिकते म्हटल्यावर आम्हाला एकच रीत ठाऊक. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही आंब्याची अढी घालतो. तिथंच गवतात बाटली निजवली, वर पोतं टाकलं. दिवाळी आली, पोर आली नाही. दुसरी आली, तेव्हाही तिला सुट्टी मिळाली नाही. मी दर सोमवारी गवतात हात घालून बाटली चाचपायचो. कधी कधी तिथंच बसून रडायचो, खोटं कशाला बोलू? तिची आई गेल्यापासून घर खायला उठतं.

परवा ती आली. चार दिवसांसाठी. मी तिला तडक शेतात नेलं. थुंकायला म्हणून नवी बादलीही आणून ठेवली होती. गवतातून बाटली काढून दिली, तशी तिनं वर पत्र्याकडं पाहिलं. मग बूच काढलं, स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली आणि किती तरी वेळ वास घेत राहिली.

"पिकली का गं?"

खरं सांगायचाच तिला पगार मिळतो.

"न्हाय, आप्पा. नासली. हिला गारवा लागतो. दोन उन्हाळे लई झाले."

माझं तोंडच उतरलं. "मला अक्कल न्हाय. सोन्यासारखी वस्तू घालवली बघ."

"तुमी न्हाय घालवली. उशीर मी केला."

तिनं पेला तोंडाला लावला. मी घाईनं बादली पुढं सरकवली. तिनं माझ्याकडं बघत बघत तो आंबट घोट गिळला, मग दुसरा, मग पेला रिकामा केला.

मी तिला अडवलं नाही. बादली मात्र उचलून दाराबाहेर ठेवली.