ग्रेसीचं बिनमातीचं झाड

"आता काढू की राहू दे अजून?" बादलीत मूठ बुडवून बसलेल्या मार्सेलने विचारलं. मुठीत ग्रेसीचं ते एअर प्लांट होतं. ना माती, ना कुंडी, अननसाच्या शेंड्यासारखी नुसती पानं. गॅलरीच्या दाराशी खाटेवर बसलेली ग्रेसी डाव्या हाताने खूण करत होती. ती 'काढ' म्हणतेय की 'थांब', हे मार्सेलला काही केल्या उमगेना.

सात महिन्यांपूर्वी ग्रेसीला झटका आला. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. तिच्या गॅलरीचा कारभार मार्सेलच्या गळ्यात पडला. चाळीस वर्षं वाडीत केळी लावलेला माणूस. त्याला केळीतलं कुणी शिकवायची सोय नव्हती. पण वाडी विकून माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये आल्यावर बायकोने जे आरंभलं, ते त्याच्या डोक्यावरून जायचं. कोळशात लावलेली तिची पाच ऑर्किडं दरवर्षी फुलायची, गळायची, पुन्हा फुलायची. ते तरी समजण्यासारखं होतं. हे एअर प्लांट मात्र पाण्यात बुडवायचं, मग उलटं धरून झटकायचं, नाहीतर पोटात पाणी राहून कुजतं. सहा वर्षांत एकदाही फुललं नव्हतं. "हे झाड आहे की पाहुणा?" असं तो तिला चिडवायचा.

गेल्या महिन्यात त्याची मधली पानं लालभडक झाली. मार्सेल घाबरला. आपण उन्हात करपवलं की काय? तो रोज जागा बदलत राहिला. मग एके सकाळी त्या लालीतून जांभळं फूल डोकावलं. त्याने झाड ग्रेसीपुढे धरलं, तर तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतका आनंद त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. हे फूल जपायचंच, असं त्याने ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात बुंध्याशी दोन बारकी पिल्लं दिसली. मार्सेलला हायसं वाटलं, कारण हे त्याच्या ओळखीचं होतं. लोंगर, म्हणजे घड, धरलेल्या केळीभोवती पिल्लं माजू द्यायची नाहीत, आईचं सगळं बळ तीच ओढतात. बापाने शिकवलेलं. त्याने ग्रेसीच्या शिवणाच्या पेटीतली कात्री घेतली आणि दोन्ही पिल्लं छाटून वाडीतल्या सवयीने गॅलरीबाहेर भिरकावली. ग्रेसी डावा हात खाटेवर धाडधाड आपटू लागली.

"हां, हां, बघितलं मी! आता टिकेल बघ तुझं फूल," तो खुशीत म्हणाला.

ग्रेसीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ती त्याच्याकडे बघेना. मार्सेल गोंधळून गेला. बीपी बघितलं, ठीक होतं. कूस बदलून दिली. चर्चमधून फादरना बोलावू का, तेही विचारलं. तिने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सरोजिनी आल्या. हे झाड त्यांनीच ग्रेसीला दिलं होतं.

"अय्या अंकल, फुललं की हो! आणि पिल्लं? अजून नाही आली?"

"आलेली ना दोन. कापली मी."

"कापली?" सरोजिनी खालीच बसल्या. "अहो अंकल, हे काय ऑर्किड आहे का परत परत फुलायला? हे जन्मात एकदाच फुलतं. मग हळूहळू वाळून जातं. मागे राहतात ती पिल्लंच."

"म्हणजे, केळीसारखं?"

"मला केळीतलं नाही कळत. पण आंटींना हे सगळं ठाऊक होतं. मीच सांगितलेलं."

केळीतसुद्धा एक पिल्लू राखायचं असतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याने हात चालवला केळीवाल्याचा आणि आशा धरली ऑर्किडची, हेच पुन्हा फुलेल अशी. मग त्या दिवशी फूल बघून ग्रेसी रडली, ती आनंदाने, की आणखी कशाने? त्याला आता कशाचीच खात्री वाटेना.

तो जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेला. त्याच्या गॅलरीच्या बरोबर खाली राहणाऱ्या रॉबर्टच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून झाडूने छज्जा चाचपू लागला. "अरे पडशील, मार्सेल!" म्हणत रॉबर्टने त्याचा पट्टा धरून ठेवला. एक पिल्लू मिळालंच नाही. दुसरं सुक्या पाल्यात अडकलेलं होतं, लसणाच्या पाकळीएवढं, अजून हिरवं.

ते त्याने ग्रेसीच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"चुकलं गं माझं. मला वाटलं, फूल वाचवतोय. जगेल का हे?"

ग्रेसी पिल्लाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मान हलली नाही. तिने हळूच मूठ मिटली.

संध्याकाळी त्याने पेज आणली. आजारपणापासून ग्रेसी डाव्या हाताने स्वतःच जेवायची. निम्मं अंगावर सांडायचं, पण चमच्याला ती त्याला हात लावू द्यायची नाही. आज चमचा पुढे केला तरी पिल्लावर मिटलेली मूठ ती उघडेना. पेजेवर साय धरू लागली. शेवटी त्याने भीतभीत चमचा भरला आणि तिच्या ओठांपाशी नेऊन थांबला.

ग्रेसीने तोंड उघडलं.