आम्रपालीची झोप

चाकणच्या एका कंपनीत आम्रपाली चौदा वर्षं ब्रेकचे सुटे भाग तपासत होती. तिने पास केलेला भाग कधी परत आला नव्हता. पण त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला, ऐन शिफ्टमध्ये, ती टेबलावर मान टाकून झोपली. महिन्याभरातली ही तिसरी वेळ. सुपरवायझर शेखरने तिचा फोटो काढून कामगारांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

संत तुकाराम नगरच्या घरी मुलगी मिनलने आईच्या मोबाईलवर तो फोटो पाहिला आणि स्वतःचा मोबाईल आईच्या कानाशी धरला. त्यात रात्री रेकॉर्ड केलेलं आईचं घोरणं होतं. मग एकदम शांतता. मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास.

"अठरा सेकंद तू श्वासच घेतला नाहीस, आई. मी मोजलेत."

आम्रपालीला आधी लाज वाटली, मग भीती.

पिंपरीच्या दवाखान्यात तिची झोपेची तपासणी झाली. डॉक्टर मोनिका यांनी रिपोर्ट समोर ठेवला. तासाला सरासरी चौतीस वेळा श्वास अडत होता.

"पण मी तर काडीसारखी. घोरणं जाड्या माणसांचं ना?"

"तसं काही नसतं. झोपेत घसा उघडा ठेवायचा निरोप मेंदू देतो. त्यासाठी लागणारी काही रसायनं मेंदूत कमी पडली की घशाचे स्नायू सैल पडत असावेत, असा काही संशोधकांचा अंदाज आहे. अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. तुमचं कारण तेच आहे का, हेही मी सांगू शकत नाही. पण हा आजार आहे, आळस नाही. एवढं मी लिहून देते."

तो कागद घेऊन आम्रपाली कंपनीने लावलेल्या चौकशीला गेली आणि डॉक्टर म्हणाल्या ते सगळं तिने सांगितलं. एचआरच्या धनेश साहेबांनी टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मी कामावर झोपले.'

"सही करा, विषय संपवू."

"झोपले, ते राहू द्या. निष्काळजीपणा काढा."

"अहो, एका शब्दाचं काय एवढं?"

"काही नसेल तर काढा की."

बाजूला बसलेला शेखर हसला. "उद्या सगळेच म्हणतील, डोक्यात केमिकल कमी आहे. ब्रेकचा खराब पार्ट निसटला असता तर?"

"ते खरंय," आम्रपाली म्हणाली. "म्हणून मीच सांगते, उपचार लागू पडेपर्यंत मला तपासणीवर बसवू नका. पॅकिंगला द्या, लेबलं लावायला द्या. पण जो दोष माझा नाही, तो माझ्या हाताने लिहून देणार नाही."

तिला चार दिवस घरी बसवलं, मग पॅकिंगला पाठवलं. वॉर्निंग लेटर आलं, त्यावर तिने लिहिलं: 'पत्र मिळालं. निष्काळजीपणा मान्य नाही.' खाली ठसठशीत सही केली. मग त्याच ग्रुपवर स्वतःचा रिपोर्ट टाकला. 'हसून झालं असेल तर हे वाचा.'

झोपताना नाकावर मास्क आणि उशाशी हवेचं मशीन आलं. पहिला आठवडा ती झोपेत मास्क ओढून काढायची, मिनल परत लावायची. दुसऱ्या महिन्यात दिवसाची पेंग गेली. डॉक्टरांचा नवा कागद घेऊन ती पुन्हा धनेश साहेबांपुढे उभी राहिली आणि आपलं जुनं टेबल मागून घेतलं. लेटर फाईलमध्ये तसंच राहिलं. शेखरने माफी मागितली नाही, फोटो तेवढा गुपचूप काढून टाकला.

एका दुपारी क्रेन चालवणारे जयसिंग तिच्याजवळ आले. इकडेतिकडे बघत कुजबुजले, "ताई, मलाबी क्रेनवर डुलकी लागते. त्या डॉक्टरीणबाईंचं नाव..."

"मोठ्यानं विचारा, भाऊ," आम्रपाली म्हणाली. "आपण चोरी केलेली नाही."

जयसिंगनी घसा खाकरला आणि शेखरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा विचारलं.