पेटीतल्या अंड्यांची अंघोळ

माईंच्या बदकीला आईपणाची हौस नव्हती. अंडं घालायचं, दोनदा ओरडून सगळ्यांना कळवायचं आणि टाक्यात डुंबायला चालू पडायचं. दरवर्षी तिची अंडी माई खुडूक कोंबडीखाली सरकवायच्या. यंदा कोंबडीही बसायला तयार होईना. आठ अंडी टोपलीत पडून राहिली.

तेव्हा जावई पुढे सरसावला. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान माईंच्याच पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे घरात काही बिघडलं की तो यायचा आणि सगळं सुरळीत असलं तरी यायचा. त्यानं थर्मोकोलच्या पेटीत बल्ब लावला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, थर्मोस्टॅट जोडला आणि म्हणाला, "माई, अठ्ठावीस दिवसांत बदकं."

"जावईबापू, तुमच्या फ्रिजात बर्फ धरत नाही, आणि या डब्यात पिल्लं धरणार?" माई म्हणाल्या. बेकरीवाली शेजारीण पाव द्यायला आली होती. ती ऐकतेय म्हटल्यावर माईंना आणखी चेव चढला. "यातून एक जरी पिल्लू निघालं ना, तर मी महिनाभर तोंड उघडणार नाही."

मग लेक शिलाई मशीनवरून उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं आठही अंडी पेटीत ठेवली.

"जपून ठेव गं," बेकरीवाली म्हणाली. "सगळ्या गल्लीचं भलं आहे त्यात."

जावयानं प्रत्येक अंड्यावर शाईनं एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे उलटवताना घोळ नको. सकाळ-संध्याकाळ तोच अंडी उलटवायचा. एरवी झाकणाला कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. कोंबडीच्या अंड्यांवरची एक पुस्तिका त्यानं कुठूनशी मिळवली होती, तीत तसंच लिहिलेलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी माईंनी झाकण उचललं. नुसतं बघायला. अंड्यावर हात ठेवला तर ते कोरडं आणि कढत, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं. माईंनी हात मागे घेतला. पूर्वी त्यांच्याकडे एक शहाणी बदकी होती. ती रोज दुपारी अंड्यांवरून उठायची, टाक्यात डुंबायची आणि ओल्या पोटानं परत येऊन बसायची. तेवढ्यात अंडी जरा निवायची, मग भिजायची. कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांवरसुद्धा माई रोज पाणी शिंपडायच्या. या पेटीला ना पोट, ना पाणी.

जावयाला सांगावं, तर त्याची पेटी आपणच चालवून दिल्यासारखं व्हायचं. गप्प बसावं, तर पिल्लं आतल्या आत मरायची. माईंना हरायचंच होतं. फक्त ते कुणाला कळायला नको होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी झाकण उघडं टाकून माई पेटीशेजारी एक कप चहा प्यायच्या. चहा संपला की कोमट पाण्यात बोटं बुडवून अंड्यांवर शिंपडायच्या, झाकण लावायच्या आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं कपडे वाळत घालायला जायच्या.

जावई हैराण झाला. दिवसभरातलं सगळ्यात कमी तापमान वेळेसकट त्याच्या थर्मामीटरमध्ये नोंदलेलं राहायचं, ते तो रोज वहीत उतरवायचा.

"रोज दुपारी साडेसदतिसावरून एकतिसावर उतरतंय," तो लेकीला म्हणाला. "थर्मोस्टॅट बदलला, वायर बदलली. आणि ही शाई बघ कशी पसरलीये. अंड्यांना घाम येतोय."

"येणारच," माई पलीकडून म्हणाल्या. "तुमच्या हाताखाली कुणालाही फुटेल."

पंचविसाव्या दिवशी जावयानं उलटवणं थांबवलं. माईंनीही आपला चहा स्वयंपाकघरात हलवला, कारण शेवटी शेवटी शहाणी बदकीसुद्धा जागची उठत नाही. तापमान एकदम ताळ्यावर आलं. नवा थर्मोस्टॅट लागू पडला, असं म्हणत जावई दिवसभर शीळ घालत हिंडला.

सत्ताविसाव्या दिवशी पेटीत बारीक टकटक सुरू झाली. माई झाकणाला कान लावून बसल्या होत्या, एवढ्यात लेक आली.

"काय ऐकतेस गं, आई?"

"पंखा वाजतोय. तेल घाला म्हणावं त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा पिल्लं बाहेर आली. ओली, दमलेली, एकमेकांच्या अंगावर कोसळणारी. माईंनी ओठ मिटले. भाजीत मीठ नव्हतं, तीही त्यांनी चकार शब्द न काढता खाल्ली. तब्येत बरी आहे ना, म्हणून लेकीनं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेकरीवाली बारा अंडी घेऊन हजर. तिच्या बहिणीच्या बदकांची.

"न्या की पेटी," जावई टेचात म्हणाला. "नियम एकच. उलटवायचं तेवढं उलटवायचं, एरवी झाकण बंद. आणि पाण्याचा थेंब नको."

माईंनी घसा खाकरला. कप तोंडाला लावल्यासारखं केलं, मग अंड्यांवर बोटं झटकून दाखवली.

"चहा हवाय त्यांना," जावई म्हणाला. लेकीनं चहा आणला. माईंनी कप बाजूला ठेवला आणि पुन्हा बोटं झटकली.

"माशी पडली का हो त्यात?" बेकरीवालीनं वाकून पाहिलं.

माईंनी टोपलीतल्या पिल्लांकडे पाहिलं, मग त्या बारा अंड्यांकडे.

"माशी कसली पडतेय, कपाळ माझं," माई म्हणाल्या. "बदकाच्या अंड्याला रोज अंघोळ लागते. पंधरा दिवस रोज दुपारी झाकण उघडून मी पाणी शिंपडत होते, म्हणून ही सहा नाचतायत. हिची बारा तुम्ही कोरडी भाजून काढाल."

जावयानं वही उघडली. दुपारच्या आकड्यांवरून त्याचं बोट हळूहळू खाली गेलं.

"म्हणजे थर्मोस्टॅट..."

"जुनाही चांगलाच होता."

"माई, महिना झाला वाटतं," बेकरीवाली म्हणाली.

"एक दिवससुद्धा धड नाही झाला. हरले मी, दोन्हीकडून हरले. काय हसायचं ते हसून घे, मग सांगते ते ऐक."

लेक आणि बेकरीवाली पोटभर हसल्या. जावई हसला नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं. "झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, माई?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"एक कप चहा होईपर्यंत."

"म्हणजे किती मिनिटं?"

"ते मला काय ठाऊक? प्यायले की उठले."

जावयानं मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. माईंनी लेकीनं आणलेला कप उचलला. तिघं जण माईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि माईंनी शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला.

"चौदा," जावई म्हणाला आणि लिहू लागला.

"पंधरा लिहा," माई म्हणाल्या. "तुम्ही सगळे टक लावून बघत होतात, म्हणून आज जरा घाईत प्यायले."