डावीकडून तिसरा

"मी डावीकडून तिसरा," फोनवरचा माणूस म्हणाला.

टिकमास्तरांना आधी काही कळेना. सोमवारची सकाळ होती, साप्ताहिकाचे कार्यालय नुकतेच उघडले होते आणि शिव्यांचे फोन आधीच सुरू झाले होते. शिव्यांची त्यांना सवय होती. हा माणूस मात्र शिव्या देत नव्हता.

"तुमच्या पहिल्या पानावरच्या फोटोत हो. खाली लिहिलंय, 'वॉर्ड बंद ठेवणारे कारभारी, डावीकडून तिसरे.' तो मी आहे. अहो, मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, आता रिटायर झालोय. मी कसला कारभारी?"

मास्तरांनी पान पुढे ओढले आणि फाइलीतून मूळ फोटो काढला. मूळ फोटोत सात माणसे होती, छापलेल्यात सहा. पान लावताना जागा पुरेना म्हणून डावीकडचा पहिला माणूस कापला गेला होता. त्यामुळे कारभारी सरकला दुसऱ्या जागी आणि तिसऱ्या जागी हा बिचारा येऊन उभा राहिला. फोटोखालची ओळ मास्तरांनी तपासली होती खरी, पण कापण्याआधी. शेवटच्या प्रुफावर ती पुन्हा समोर आली, तेव्हा 'ही झालीय' म्हणून ते पुढे गेले होते.

सव्वीस वर्षे ते या साप्ताहिकाच्या बातम्या तपासत होते. प्रत्येक नाव, तारीख, आकडा आणि हुद्दा यांच्या डोक्यावर पेन्सिलीची टिक, आणि बाजूला समासात कुणाला विचारले ते. टिक नसलेला शब्द छापायला जात नसे. वाक्य मंत्र्याचे असो की झाडूवालीचे, टिक सारखीच. मोठी दैनिके ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत त्यांच्या बातम्या हे चिमुकले साप्ताहिक छापायचे, आणि कुणाची बोट ठेवायची छाती होत नसे, ती या टिकांमुळे. मास्तर वरून गरीब गाईसारखे दिसत, पण या गोष्टीचा त्यांना भलताच अभिमान होता. असावाच. फक्त तपासणाऱ्याचे नाव छापायची तिथे पद्धत नव्हती. बातमी लिहिणाऱ्याच्या नावाने, दुरुस्तीही त्याच्याच नावाने. आणि जिथे चूक तिथेच दुरुस्ती, तेवढ्याच जागेत. हा संपादकबाईंचा दंडक होता.

दुपारी सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमले. बातमी 'धाकटी'ची, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यांत लहान बातमीदाराची होती. तिला येऊन जेमतेम वर्ष झाले होते. एका धर्मसंस्थेच्या रुग्णालयातला, भक्तांच्या देणग्यांतून बांधलेला बाळंतिणींचा वॉर्ड चार वर्षे कुलपात पडला होता. दोन महिने खेटे घालून तिने ते बाहेर काढले होते. सकाळपासून फोनवर तिला 'धर्मबुडवी' ही पदवी मिळत होती.

"माझ्या नावाने टाका दुरुस्ती," धाकटी म्हणाली. चेहरा पार उतरला होता. "पद्धतच आहे ना."

"कात्री मी चालवली," पाने लावणारा पुटपुटला.

"कात्री चालवणं तुझं कामच आहे रे," मास्तर म्हणाले. "कात्रीनंतर पुन्हा मोजणं माझं. बाई, माझं नाव टाका."

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, इतक्या वर्षांत चांगल्याला तुमचं नाव कधी छापलं नाही, आणि आता वाईटाला छापू?"

"वाईटाला नको, खऱ्याला छापा. हिच्या नावाने आली, तर उद्या संस्थावाले म्हणतील, पोरगी खोटारडी, बातमीच खोटी. बातमीतला शब्द न् शब्द खरा आहे. मी तपासलाय."

"आणि तो कंपाउंडर त्यांच्या बाजूला गेला तर? मग आपलं कोण ऐकणार?"

"त्याच्याकडे मीच जातो."

कंपाउंडर दोन खोल्यांत राहत होता. त्याच्या बायकोने पाणी ठेवले. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता आणि त्यावर पेन.

"संस्थेचा माणूस येऊन गेला," कंपाउंडर म्हणाला. "नुसती सही करा म्हणाला. यात लिहिलंय की बातमी पूर्ण खोटी आहे. मास्तर, बागेत मी रोज ज्या बाकावर बसतो ना, तिथले तिघं आज मला बघून उठून गेले."

मास्तरांनी सारवासारव केली नाही. खिशातून कागद काढून वाचला. "'गेल्या अंकातील छायाचित्रात डावीकडून तिसरे असलेले गृहस्थ कारभारी नाहीत. ते तीस वर्षे रुग्णांची सेवा केलेले कंपाउंडर आहेत. कारभारी डावीकडून दुसरे आहेत. ही चूक तपासणाऱ्याची आहे, बातमीदाराची नाही. त्या गृहस्थांची मी क्षमा मागतो. बाकी बातमी जशीच्या तशी खरी आहे.' खाली माझं नाव."

"तीस नाही, एकतीस वर्षं."

मास्तरांनी पेन्सिल काढली, आणि ते थबकले. "नोकरीचा काही कागद आहे का? बघायला मिळाला असता."

कंपाउंडर खो खो हसला. "अहो, माझी माफी मागायला आलात आणि पुरावा मलाच मागता?"

"काय करू, परवाच एकदा न बघता पुढे गेलोय."

आता बायकोही हसली आणि आतून दाखला घेऊन आली. एकतीस वर्षे, दोन महिने. मास्तरांनी आकडा बदलून वर टिक केली. कंपाउंडरने ती टिक बराच वेळ पाहिली. मग संस्थेचा कागद उचलून चार तुकडे केले.

"पूर्ण खोटी, यावर सही कशी करू? त्या वॉर्डाला कुलूप मीच लावलं होतं, कारभाऱ्याच्या हुकमावरून. किल्ली त्याने माझ्याच हातातून घेतली."

"हे छापू?"

"छापा की! फक्त या खेपेला फोटोत मला एकट्याला घ्या."

रविवारी अंक आला. पहिल्या पानावर, नेमक्या त्याच जागी, दुरुस्तीची चौकट होती. खाली कंपाउंडरचा फोटो आणि धाकटीची नवी बातमी.

घरी मास्तरांच्या बायकोने चौकट मोठ्याने वाचली, कारण सासूबाईंना आता दिसत नव्हते.

"सव्वीस वर्षांनी नाव आलं, तेही चुकीखाली!" ती म्हणाली. पण तिने अंक घडी न घालता, जपून धरला होता. "चार प्रती जास्त आणायच्या होत्या. माझ्या भावांना दिल्या असत्या."

"चूक त्याचीच होती ना?" म्हातारीने विचारले.

"हो आई, माझीच."

"मग बरं केलंस. कुठे आलंय?"

मास्तरांनी तिचे बोट धरून नावावर टेकवले.

"पूर्ण नाव आहे? मधे ह्यांचंही घातलंय ना?"

"घातलंय, आई."

म्हातारीने बोट थोडे पुढे सरकवले आणि नवऱ्याच्या नावावर ठेवले. चहा निवून गेला तरी ते तिथून उचलले नाही.