एकाच ताग्यातले

धनराजदादाचा फोन ठेवला आणि ज्योत्स्ना स्वयंपाकघरात एकटीच खुदकन हसली. दादाच्या लेकीच्या, पल्लवीच्या हळदीला सगळ्या घरानं एकाच ताग्यातलं कापड घालायचं ठरलं होतं. पिवळं, त्यावर हिरवी बुट्टी. आजकाल त्याला थीम म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. चांदवडच्या तिच्या माहेरच्या घरात ही थीम तीस वर्षांपूर्वीच होती, फक्त तिला कुणी नाव दिलं नव्हतं.

तेव्हा दिवाळी आली की आबा नांदगावच्या बाजारातून अख्खा तागा खांद्यावर टाकून आणायचे. सावळीराम शिंपी मशीन घेऊन ओसरीवर ठाण मांडायचा. पोरांना सदरे, पोरींना झगे, उरलेल्यात उशांचे अभ्रे. एका वर्षी तर खिडकीचे पडदेही त्यातलेच निघाले, आणि थोरली मीनाताई पडद्यापुढं उभी राहिली की नुसती मुंडी दिसायची. काय दिवस होते ते! सगळी भावंडं ओळीनं निघाली की बाजारातली माणसं वळून बघायची. आठवून ज्योत्स्नाला आताही भरून आलं. आबा गेले, भावंडं पांगली. आता एका फोटोपुरतं का होईना, ते घर पुन्हा एकत्र दिसणार होतं. त्या फोटोत तिला एकही माणूस कमी नको होता.

आणि नेमकी तिची पंधरा वर्षांची लेक अडून बसली.

"मी नाही घालणार," योगिनी म्हणाली. "मी माझं शिवलंय."

माझं म्हणजे काय, तर बापाचा जुना निळा शर्ट कापून, उलटासुलटा जोडून केलेलं एक काहीतरी. त्याला खिसा पाठीवर.

"पाठीवरचा खिसा कुणाच्या कामाचा गं?"

"कुणाच्याच नाही. मला आवडला."

"आमची लाज वाटते का तुला?"

"तसं नाही गं आई. तो पिवळा घालून मी आरशात बघितलं. त्यात मी कुठे आहे तेच कळेना."

ज्योत्स्नाचं डोकंच फिरलं. ही कसली थेरं? पंधराव्या वर्षी तिला असलं काही सुचलं नव्हतं, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. हळदीला चांदवडला निघाल्यावर द्वारका चौकात गाड्या तुंबल्या, तेवढ्यात तिनं पिवळा ड्रेस पिशवीतून काढून पुन्हा पुढं केला. योगिनीनं तो नीट घडी करून परत दिला. चांदवड येईपर्यंत तो ज्योत्स्नाच्या मांडीवरच राहिला.

मांडवात जिकडंतिकडं पिवळंच पिवळं. फोटोग्राफर खुर्च्या लावत होता. मधल्या खुर्चीत ज्योत्स्नाची आई, सिंधुबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लग्नानंतर करायचं म्हणून राहिलेलं. एकेक जण पाया पडायला वाकत होता आणि म्हातारी चाचपडत होती. पोटच्या धनराजला तिनं जावई समजून "बसा" म्हटलं, तेव्हा सगळे हसले.

"लय पिवळं झालं बाबा," ती म्हणाली. "कोण कुठलं, काय कळंना."

मग तिची नजर कडेला थांबली. "ती निळी दिसती, ती योगिनी ना? असलं येगळं तीच घालती. ये गं, योगिनी."

योगिनी जाऊन तिच्या पायाशी बसली. म्हातारीनं पाठीवरून हात फिरवला, हाताला खिसा लागला, तशी हातातली खारीक तिनं त्यात टाकून दिली.

पाठोपाठ ज्योत्स्ना वाकली.

"कोण, मीना का गं?"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर हेच चाललेलं. हाक मीनाला यायची, ओ ज्योत्स्ना द्यायची. मीनाच्या वाटचं पाणी भरायची, मीनाच्या वाटची बोलणीही खायची. सगळी एकाच घरची, त्यात काय एवढं, असं वाटायचं. आज मात्र तिला लागलं, फार लागलं. इतकी वर्षं आपण हे दुःख बाळगून होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, याचं तिला रडू आलं.

"मॅडम, त्या निळ्या ताईंना मागच्या रांगेत घेऊ का?" फोटोग्राफरनं विचारलं. "मॅच होत नाहीये."

"ती तिथंच बसेल," ज्योत्स्ना म्हणाली. मग तिनं आईचा हात आपल्या गालाशी धरला.

"मीना नाही, आई. मी ज्योत्स्ना."

सिंधुबाईची बोटं तिच्या कपाळावरून, नाकावरून हळूहळू फिरली.

"मंग एवढी वर्षं सांगितलं का नाय, पोरी?"