ओक आजींची अकरा मिनिटं

“काका, ओक आजींची टिकली कुठे लावू?” बोटाच्या टोकावर लाल टिकली धरून नाम हे-रिन नावाच्या पोरीनं विचारलं. चर्चच्या तळघरात भिंतीवर तिनं आमच्या कोरियातल्या दॅजॉन शहराचा मोठा नकाशा लावला होता.

“स्टेशनच्या मागं, पिवळी इमारत, चौथा मजला,” मी म्हणालो. “लिफ्ट बंद पडली की म्हातारी शिव्या देते. तेही घ्या लिहून.”

ती हसली, टिकली चिकटवली आणि पुढचं नाव वाचलं. तासाभरात माझी बावीस वर्षं भिंतीवर जाऊन बसली. बावीस वर्षं मी चर्चची गाडी चालवतो. कोण कुठे राहतं, कोणाला दोनदा हॉर्न द्यावा लागतो, कोण कवळी विसरून खाली येतं, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. आता ते कुणीही येऊन बघावं.

आमची जुनी वस्ती टॉवर बांधायला पाडली त्याला दोन वर्षं झाली. लोक स्टेशनच्या आसपास भाड्यानं राहायला गेले. मागे राहिलेलं चर्चही वसंत ऋतूत पाडणार होते. नव्या चर्चसाठी दोन जागा समोर होत्या. एक नदीपलीकडच्या टेकडीवरची, ऐंशी गाड्या उभ्या राहतील एवढी. दुसरी स्टेशनमागची, जुन्या गोदामाची, त्या मानानं अडचणीची. हे-रिन नगररचनेच्या कचेरीत नोकरीला, म्हणून पाळकसाहेबांनी पाहणीचं काम तिच्यावर सोपवलं. ऊन कुठून येतं, रेल्वेचा आवाज किती, शेजारी दुसरी चर्च किती, सगळं ती टिपून आणायची.

मला टेकडी हवी होती. चर्चच्या पंचांपुढे मी पार्किंगचं कारण द्यायचो. खरं कारण एवढंच, की टेकडीवर गाडीशिवाय जाता येत नाही.

आणि मला त्या पोरीचा हेवा वाटत होता, आडून कशाला सांगू? तीन वर्षांपूर्वी आलेली ही, आणि म्हाताऱ्या तिचा हात सोडत नसत. ओक आजी दर रविवारी माझ्यासाठी भाजलेलं रताळं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या. गरम रताळं मांडीवर ठेवून गाडी चालवायची सवय होती मला. एका रविवारी पुडी माझ्यासमोरून गेली ती थेट हे-रिनच्या हातात.

“तुला साखर आहे ना रे, प्यो?” आजी म्हणाल्या.

मला साखर बारा वर्षांपासून आहे.

जानेवारीत हे-रिन माझ्याकडे आली. “काका, पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी दोन्ही जागांवर गाडी नेऊन मिनिटं मोजाल? दिवसाचं मी मोजलंय. पण पहाटेचा रस्ता तुमच्याइतका कुणाला माहीत नाही.”

मी हरखलो, आणि हरखलो म्हणून स्वतःवरच चिडलो. जाताना जिन्यात मा आडनावाचे पंच भेटले. तेही टेकडीच्या बाजूचे. डोळा मारून म्हणाले, “मिनिटं तुझ्या हातात आहेत, प्यो. थोडी इकडंतिकडं झाली तर कोण बघतंय?”

गुरुवारी पहाटे रिकामी गाडी घेऊन टेकडीवर गेलो. स्टेशनपासून सव्वीस मिनिटं. वरच्या वळणावर ऊन पोचत नाही, तिथे बर्फ काचेसारखा गोठला होता. गाडीचा मागचा भाग घसरला आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबला. आत सात म्हातारी माणसं असती तर? मी घाम पुसला, वहीत ‘सोळा’ लिहिलं आणि परत आलो.

शुक्रवारी पहाटे साडेचारला ओक आजींच्या दारात हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला. चार मजले चढून बेल वाजवली. आत सामसूम. खाली येऊन गल्लीगल्लीतून हळूहळू गाडी फिरवली, तर आजी गोदामाच्या फाटकाशी उभ्या. आधाराची ढकलगाडी दोन्ही हातांत घट्ट, तोंडातून वाफ.

“आजी! एकट्या आलात? पडला असता तर?”

“पडले का? अकरा मिनिटं लागली. हे-रिन म्हणत होती, मोजायचंय.”

“मी मोजणार होतो ना!”

“तू चाकं मोज. मी पाय मोजले.” मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “रागावू नकोस. तू गुणाचा आहेस. पण रोज दारात उभं राहून तुझ्या हॉर्नची वाट बघायची, बर्फ असो, पाऊस असो. आज मी कुणाची वाट बघितली नाही, प्यो.”

मी दार उघडलं, त्यांना आत बसवलं. बावीस वर्षं मला वाटत होतं, माणसं माझी वाट बघतात म्हणजे मी त्यांना आवडतो.

रविवारी जेवणं झाल्यावर बैठक बसली. मा पंचांनी मान हलवून मला उठायची खूण केली.

मी वही उघडली. ‘सोळा’ तिथेच होतं. “टेकडी, सव्वीस मिनिटं,” मी म्हणालो. “वळणावर बर्फ असतो. गुरुवारी गाडी घसरली. तिथे म्हाताऱ्या माणसांना मी नेणार नाही.”

मा पंचांनी छताकडे बघितलं.

“आणि स्टेशनमागची?” पाळकसाहेबांनी विचारलं. “गाडीनं किती?”

“ओक आजींना चालत अकरा. गाडी लागत नाही.”

सगळे हात स्टेशनमागच्या जागेसाठी वर झाले. मा पंचांचाही, शेवटी.

माणसं पांगल्यावर मी खुर्च्या रचत होतो. हे-रिन नकाशापाशी उभी होती. गोदामाभोवती तिनं चालत पंधरा मिनिटांचं वर्तुळ काढलं होतं. पहाटे येणाऱ्यांच्या सातही टिकल्या आत होत्या.

“काका,” ती ओशाळून म्हणाली, “तुमचं घर राहिलंच. कुठल्याच यादीत तुमचा पत्ता नाही. तुम्हाला आणायला कधी कुणी गेलंच नाही ना.”

तिनं टिकल्यांची डबी पुढे केली. मी एक टिकली घेतली आणि बोट नकाशावरून नेत राहिलो. स्टेशन, बाजार, पूल. नदीपलीकडच्या टेकडीपाशी नकाशा संपला. माझं घर त्याच्याही पुढे, बसडेपोच्या पलीकडे.

मी टिकली उघड्या भिंतीवर लावली. भिंतीला ओल होती, ती नीट धरेना. मी अंगठ्यानं दाबून जरा वेळ तसाच उभा राहिलो.