कोंडलेली समिती

हे कुणाला खरं वाटणार नाही. शपथेवर सांगितलं तर आणखीच वाटणार नाही. एका सरकारी समितीला एका बाईने दिवसाढवळ्या कोंडून ठेवलं आणि समितीने तिचे आभार मानले, तेही लेखी!

बाई म्हणजे कुलूपवाल्या काकू. त्यांची गल्लीच कुलपांची. एके काळी तिथे चाळीस ऐरणी एकदम वाजायच्या. गल्लीतली मांजरं म्हणे त्या ठेक्यावर पावलं टाकायची. आता पाचच ऐरणी उरल्या होत्या आणि नगरपालिकेला तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. वारसा समितीने गल्ली यादीत घेतली तर वाचणार, नाहीतर सोमवारपासून पाडापाडी. काकूंच्या लेकीचा हात थेट बापासारखा, पण तिनेही परगावच्या कारखान्यात नोकरी बघून ठेवली होती. गल्ली गेली की लेक गेली, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

समिती म्हणजे दोनच माणसं, घाईतले साहेब आणि वहीवाल्या बाई. साहेबांनी दुकानात नुसतं डोकावलं.

"कुलपं काय, बाजारात ढिगाने मिळतात. यात वारसा कसला?"

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. दोघांना आत घेऊन त्यांनी दार लावलं, कुलपात किल्ली फिरवली आणि ती साहेबांच्या हातात ठेवली. "उघडा बघू."

साहेबांनी असा काही जोर लावला की किल्लीचे दाते मोडून कुलपाच्या पोटात पडले.

"दुसरी किल्ली द्या," साहेब म्हणाले.

"दुसरी कुठली? आमच्यात एका कुलपाला एकच किल्ली. दुसरी केली की कुलपाचा अपमान होतो."

"मग तुम्हीच उघडा. तुम्हीच केलंय ना?"

"छे! आपल्या दाराचं कुलूप आपण करायचं नसतं, शेजाऱ्याने करायचं. म्हणजे रोज येताजाता त्याचं काम पारखलं जातं."

शेजारी म्हणजे समोरचे आडमुठे. हे आडनाव नव्हे, स्वभाव. काकूंच्या नवऱ्याचे जुने दोस्त, पण नवरा गेल्यावर काकूंनी एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांच्या कुलपाला खुळखुळा म्हटलं, आणि तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत शब्द नाही. लेकीने त्यांना हाताला धरून खिडकीच्या गजांपाशी आणलं.

"खुळखुळाच आहे ना तो?" आडमुठे गजांतून साहेबांना म्हणाले. "मग हलवा, पडेल!"

बाहेर जमलेली गर्दी खो खो हसली. साहेब मात्र रडकुंडीला आले. तेव्हा आडमुठे खाली बसले, विचार करू लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, दाते सात की आठ, तेच आठवेना. फारच फक्कड जमलं होतं हो ते कुलूप!"

मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटं हवेत कानस चालवल्यासारखी हलवू लागले. डोकं विसरलं होतं, पण बोटं विसरली नव्हती. "सात! पहिला अर्ध्यापर्यंत घासा. दुसरा नुसता पुसून घ्या."

काकूंकडे कोऱ्या किल्ल्या होत्या, कानस होती. पण त्या हाताची घडी घालून बसल्या. "यांच्या सांगण्यावरून मी कानस हातात धरणार नाही."

शेवटी बाईंनी वही ठेवली आणि कानस उचलली. "मनगट नको, खांदा चालवा!" लेक खिडकीतून शिकवत होती. साहेबांनी आधी तीनदा घड्याळ बघितलं, मग बाह्या सरसावल्या, मग दुसरी कोरी किल्ली मागून घेतली. गजांतून चहा आत आला, त्यामागून पाव आला. कुणीतरी साहेबांना उशीसुद्धा दिली!

चार तासांनी बाईंची किल्ली कुलपात गेली आणि अडली. पुन्हा घासली, पुन्हा अडली. बाईंच्या बोटांना फोड आले होते. बाहेर लेक गजांना कपाळ टेकून उभी होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं, किल्ली उजेडात धरली आणि खिडकीकडे वळल्या.

"भावजी, सातवा आत घेतलाय की बाहेर?"

गल्लीत टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती.

"आत, वहिनी," आडमुठ्यांचा घोगरा आवाज आला. "थोडासाच आत."

काकूंनी कानस उचलली आणि दोन हात मारले. खट्!

दार उघडलं, पण साहेब काही बाहेर येईनात. "थांबा हो, माझा तिसरा दाता राहिलाय!"

गल्ली यादीत गेली, साहेबांच्या सहीने, आणि सोबत काकूंना आभाराचं पत्रही आलं. ही गोष्ट अशी पसरली की लांबलांबून लोक येऊन म्हणू लागले, "आम्हालाही कोंडा!" आता आठ दुकानांत रोज माणसं कोंडली जातात आणि आपली किल्ली आपणच घासून बाहेर पडतात. बंद पडलेली खाणावळ दुपारी पुन्हा जेवायला वाढते, शिंपी चामड्याचे एप्रन शिवतो, गेलेले लोहार पोराबाळांसकट परतलेत. लेकीने नोकरीला नकार कळवला. तिच्या हाताखालीच आता सहाजणी शिकताहेत. काकू दारात खुर्ची टाकून पाहुण्यांना सगळं ऐकवतात, आणि दर खेपेला समिती आणखी थोडा वेळ आत राहते. काल तर तिने तीन दिवस आतच काढले.

"आणि सांगते," काकू काल हात उडवत म्हणाल्या, "तेव्हापासून या गावात एक चोरी नाही! चोरांनी धंदाच सोडला. दोघं तर आमच्याकडे भाता ओढतात!"

समोरून आडमुठ्यांनी हातोडी थांबवली.

"मग वहिनी, मंगळवारी तुमची सायकल काय भात्याच्या वाऱ्याने उडाली?"